मास्तरांच्या गाडीची गळती

माझा थोरला मामा इंजिन कधी धुवायचा नाही. "धुतलं की पुरावा गेला," म्हणायचा. तेल कुठून गळतंय ते नुसतं बोट फिरवून सांगायचा आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर निघायचं. दहाव्या वेळी चूक दुसऱ्याची असायची.

हा दुसरा म्हणजे धाकटा मामा. गॅरेज दोघांनी मिळून काढलेलं. धाकटा सावकाश, मुखदुर्बळ; थोरल्याचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. अकरा वर्षांपूर्वी एका मास्तरांची जुनी गाडी आली. काम दोघांनी वाटून घेतलं. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, थोरल्यानं बसवलं. खाली तेलाच्या चेंबरचं पॅकिंग धाकट्यानं. आठवड्यातच मास्तर परत हजर. चेंबरखाली तेल ठिबकत होतं.

"दादा, एकदा इंजिन धुऊन पावडर मारून बघूया का?" धाकटा म्हणाला. "तेलाची वाट दिसेल."

"पावडर? तान्हं बाळ आहे का ते?" थोरला मास्तरांदेखत ओरडला. "चेंबर तू बसवलंस, गळतंय तिथूनच. साधं पॅकिंग जमत नसेल तर घरी बस!"

धाकट्यानं पाना खाली ठेवला. हात पुसले, चप्पल घातली आणि गेला तो गेलाच. मी शेजारच्या खोलीत शिवणकाम करते, मधली भिंत पातळ, सगळं ऐकलं. मधे पडले नाही. मामासमोर बोलायची माझी काय बिशाद, असं तेव्हा वाटलं. आज त्याची लाज वाटते.

मास्तर भिडस्त. तेही पुन्हा फिरकले नाहीत. गाडीखाली पुठ्ठा आणि डिकीत तेलाचा डबा, एवढ्यावर त्यांनी उरलेली वर्षं निभावली.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी गाडी घेऊन आली. मास्तर वारले होते आणि गाडी तिला मोडीत काढायची नव्हती. मामानं बोट फिरवलं, पण साखरेच्या आजारानं बोटं बधिर झालेली, ओलं काय नि कोरडं काय, कळेना. अर्धा दिवस झटला. मग माझ्या दारात येऊन भिंतीकडे बघत म्हणाला, "पावडर आहे का गं घरात?"

मी डबाच उचलला. इंजिन धुतलं, वाळवलं, पावडर मारली, गाडी दहा मिनिटं चालू ठेवून बंद केली. मामानं मागच्या बाजूला आरसा सरकवला, मी बॅटरीचा उजेड धरला. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ वरून आली होती. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून, इंजिनाच्या पाठीवरून उतरून चेंबरच्या कडेला, आणि तिथून खाली. चेंबरचं पॅकिंग मात्र शाबूत होतं. कव्हर उघडलं तर कोपऱ्यात पॅकिंग दुमडून चेपलेलं, आणि त्यावर लाल पेस्ट. लाल पेस्ट लावायची सवय एकट्या थोरल्याची.

नवं पॅकिंग बसवायला अर्धा तास पुरला. मुलगी खूश होऊन गेली. मामा स्टुलावर बसून राहिला आणि मग म्हणाला, "फोन लाव त्याला."

धाकटा आता दुसऱ्या गावी एका दवाखान्याच्या आवारात गाड्या लावून घेतो. मी फोन लावून स्पीकर चालू केला.

"मास्तरांची गाडी आली होती," मामा म्हणाला. "तेल वरून येत होतं. मी बसवलेल्या कव्हरमधून."

"हो दादा. कोपरा दुमडलाय. मला तेव्हाच आरशात दिसला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"मास्तर उभे होते ना. त्यांच्यासमोर तुझी चूक कशी सांगू? म्हणून तर पावडर म्हणालो. तुझं तुलाच दिसलं असतं."

"आणि नंतर?"

"नंतर राग आला होता. मग सवय झाली."

मामानं आरसा उचलून उगाच पुसला. मला त्याची कीव आली आणि संतापही आला. शेवटी म्हणाला, "ये रे परत. उद्याच ये."

"येऊन काय करू, दादा? उजवा हात कापतो माझा. पाना धरवत नाही." मग त्यानंच विचारलं, "चार वाजलेत. तू जेवलास का?"

"हो," मामा म्हणाला. त्याचा डबा सकाळपासून तसाच होता.