चादरीवर माहेरचं नाव

काही वर्षांपूर्वीचा सव्वीस डिसेंबर, मेलबर्नचं मैदान, भारताची कसोटी. हजर: मी, माझा नवरा, बल्लारपूरचे टाइल्सवाले विलासभाऊ आणि त्यांची बायको.

आज घराच्या फाटकाला ऑइलपेंट लावताना त्या दिवशीचाच वास आला. तेव्हा चादरीवर मी माझ्या माहेरचं नाव रंगवलं होतं: ‘सावली, जिल्हा चंद्रपूर’. स्टँडमध्ये घडी उलगडली तेव्हा कडक उन्हात रंगाचा वास सुटला होता. इकडे गावी आई पहाटेपासून शेजारणींना घेऊन टीव्हीसमोर बसली होती. कॅमेरा आमच्याकडे वळला, तोच विलासभाऊंनी आपल्या दुकानाचं बॅनर माझ्या चादरीपुढे ताणलं.

“भाऊ, बाजूले व्हा ना!”

“थांबा वो बाई, फुकटात जाहिरात होऊन राह्यली!” विलासभाऊ खो खो हसले.

लगेच आईचा फोन आला. “मले त टाइल्सच दिसल्या वं. तू कुठी होतीस?” मागे शेजारणी खिदळत होत्या.

तेव्हा मीही हसून सोडून दिलं. आता आई नाही, आणि विलासभाऊंचं ते हसणं मला अजून सोसत नाही.

यंदा पुन्हा सामना बघायला जायच्या दौऱ्याची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे. विलासभाऊ रोज विचारतात, “बाई, माह्यं तिकीट झालं का?”

बाकी सगळ्यांची तिकिटं निघाली. विमानातल्या जागा भरत आल्या आहेत. त्यांचं तेवढं काढायचं राहिलं आहे.