उर्मिलाच्या नावाचं सिम

शारजात रोल्ला भागात राहणाऱ्या उर्मिलाचा संसार कागदोपत्री सगळा सतीशचा. व्हिसा त्याचा, घराचा करारही त्याचाच. नवराच स्पॉन्सर म्हटल्यावर इथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तिचं ईमेल अकाउंट उघडताना रिकव्हरीला त्याने बिनदिक्कत आपलाच नंबर टाकला. आणि तोही कंपनीने दिलेला!

त्या अकाउंटात उर्मिलाचा जीव अडकला होता. शनिवारी शेजारपाजारची मराठी मुलं तिच्याकडे वाचायला शिकत. प्रत्येकाचं पहिलं वाचन ती रेकॉर्ड करून त्या अकाउंटात ठेवायची. त्यातली काही आता कॉलेजात होती, काहींची कुटुंबं कायमची परतली होती. ते आवाज तिच्याशिवाय कुणाकडेच नव्हते.

सतीशने जबल अलीतल्या त्या कंपनीची नोकरी सोडली, सिम तिथे जमा केलं आणि विसरला. पुढे उर्मिलाचा फोन पाण्यात पडला. नव्या फोनवर पासवर्ड बरोबर असूनही अकाउंट उघडेना. कोड जायचा त्या जुन्या नंबरवर.

"मम्मा, दॅट नंबर वॉज नेव्हर युअर्स," लेक अनन्या म्हणाली. उर्मिलाला ते चांगलंच झोंबलं.

तिने त्या नंबरवर फोन लावला. सिम आता कंपनीत आलेल्या सुरैय्या नावाच्या नव्या मुलीला मिळालं होतं.

"बेटा, ये नंबर पहले मेरे मिस्टर सतीश का था. मेरा कोड आया होगा. बस पढके सुना दो," उर्मिला काकुळतीला आली.

"सॉरी आंटी, कोड फोन पे किसी को नहीं बताते. सर को लेके ऑफिस आइए, यहाँ सब उनको पहचानते हैं."

उर्मिलाचा पारा चढला. केवढा तो ताठा! पण राग निवल्यावर तिला वाईट वाटलं. ह्या परक्या पोरीने तिच्या अकाउंटची घेतली तेवढी काळजी तिने स्वतः कधी घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसात गेली. जुन्या सहकाऱ्यांनी सतीशला मिठी मारल्यावर सुरैय्याने हसून नवा कोड आलेला फोन उर्मिलापुढे धरला. अकाउंट उघडलं. पोरांचे आवाज जागच्या जागी होते. उर्मिलाला तिथेच रडू आलं.

गाडीत बसताना सतीश म्हणाला, "आता माझा नवा नंबर टाक. खलास!"

"नको. आधी माझ्या नावाचं सिम घेऊ."

"अगं, तुझं काय नि माझं काय, एकच ना?"

"अहो, सिम जमा करताना आठवलं होतं का हे?"

सतीशने गाडी मोबाइलच्या दुकानाकडे वळवली.