आत्याने उशिरा धाडलेले खाजे

आत्या गेली असा तिच्या मुलाचा, उमेशचा फोन आला तेव्हा मी पणजीला ऑफिसात होतो. खरं सांगतो, ऐकल्या ऐकल्या मला रडू आलं नाही, हायसं वाटलं. दम लागून लागून तिचे फार हाल झाले होते, त्यातून ती सुटली हे तर होतंच. पण त्याहूनही, जिवाला लागलेली एक गोष्ट ती वेळेत उरकून गेली... याचा मला दिलासा होता. त्या गोष्टीचं नाव खाजे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बेसनाच्या बोटभर कांड्या तळायच्या, आल्याचा रस घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या, सुकल्या की झालं खाजे. आमच्याकडे जत्रा म्हटली की खाजेवाल्यांच्या दुकानांची रांग आलीच. पण पदार्थ सांगितला म्हणून शब्द कळत नाही. जत्रेहून आलेल्या माणसाला आम्ही देव कसा दिसला ते मागाहून विचारतो, आधी विचारतो, ‘खाजें हाडलें?’, म्हणजे आणलंस का. ते शेजाऱ्यांना द्यायचं, माहेरवाशिणींना धाडायचं आणि लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला नव्या सोयऱ्यांकडे तर चुकवायचंच नाही. ज्याच्या घरी गेलं नाही त्याने काय ते समजून घ्यावं. आमच्या पेडण्यात अशी न आलेली खाजी म्हाताऱ्या बायका जन्मभर विसरत नाहीत.

माझी ही आत्या पेडण्याहून मुळगावात सून म्हणून आली आणि तिथलीच झाली. देवीची जत्रा झाली की दुसऱ्या सकाळी सोप्यावर ती जुनी वर्तमानपत्रं पसरायची, पुड्या बांधायची आणि बांधता बांधता घरांची नावं घ्यायची. हातात एवढा हिशेबी न्याय की कुणाच्या पुडीत दोन कांड्या जास्त गेल्या म्हणून कधी भांडण झालं नाही. स्वभावाने मात्र भलतीच हट्टी. उमेशने औद्योगिक वसाहतीत सोबत काम करणाऱ्या शोभाशी लग्न ठरवलं, तेव्हा आत्याने घर डोक्यावर घेतलं. शोभाचे वडील बेळगाव जिल्ह्यातून कामासाठी इकडे आलेले. घाटावरची सून नको, हे आत्याचं एकच पालुपद. लग्न झालं, शोभाने घर सांभाळलं, आत्याला तिच्या हातची पेजही गोड लागू लागली. पण लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला विहिणीच्या नावाची पुडी काही बांधली गेली नाही. आत्याने ती ठरवून बांधली नव्हती आणि ते आम्हा सगळ्यांना दिसलं होतं. शोभा काही बोलली नाही. आत्याने त्या न बोलण्याचा अर्थ आपल्या परीने लावला, आणि नंतर मन बदललं तरी, आता कुठल्या तोंडाने धाडायचं, म्हणत एकेक जत्रा जाऊ दिली. तोवर शोभाचे आईवडील गावी परतलेही.

गेल्या वर्षभरात आत्याने अंथरूण धरलं तसा तिने हाच धोशा लावला. विहीण मनात अढी धरून बसली असेल, मी अशीच गेले तर पोरीला माहेरी मान वर करता येणार नाही... यंदा जत्रेहून तिने उमेशकडून किलोभर खाजे आणवलं आणि बसने त्याला सासुरवाडीला पाठवलं. पुडी परत आली तर? आमच्यात याहून मोठा अपमान नाही. त्या दिवशी मी तिच्याजवळ बसलो होतो. चहा दिला तर घेईना. दुपारी शोभाच्या मोबाइलवर विहिणीचा फोन आला. आत्याने हात पुढे करून तो मागून घेतला.

विहीणबाई मलाही ऐकू येईल अशा मोकळ्या आवाजात म्हणाल्या, “लई ग्वाड हाय वो. सगळ्या गल्लीनं खाल्लं. पर कशापायी पाठवलासा, ते काय कळलं न्हाई.”

आत्या गडबडली. आयुष्यभर वाटलेल्या वस्तूचा अर्थ तिला कुणी कधी विचारलाच नव्हता. थोडा वेळ दम घेऊन ती म्हणाली, “खाजें म्हणजे कांय मोठें नाय हो. आम्ही जत्रेंत होतों, थंय तुमची याद झाली. इतकेंच.” आणि मग, आवाज खाली आणून, “इतकी वर्सां मी धाडलें नाय.”

“आमाला कुठं ठावं, धाडायचं असतंय म्हणून!”

आत्या माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसत सुटली. हसता हसता दम लागला, शोभा पाठ चोळू लागली, तरी हसणं थांबेना. मी फुकट झुरत बसलें रे, म्हणाली आणि गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला. त्यानंतर ती शांत झोपू लागली. काही आठवड्यांनी एका दुपारी पेज घेऊन आडवी झाली, ती उठलीच नाही.

बाराव्याच्या आधीच विहीणबाई आल्या. हातात भली मोठी पिशवी. त्यांच्या गावची यात्रा नुकतीच झाली होती, तिथले चिरमुरे आणि बत्तासे होते. सुतकाच्या घरात आमच्याकडे कुणी असलं काही आणत नाही. सोप्यावर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शोभा लाजेने अर्धी झाली आणि पिशवी आत न्यायला उठली. विहीणबाईंनी ती सोडली नाही.

त्या म्हणाल्या, “यात्रेत विहीणबाईंची सय आली. त्या न्हाईत म्हणून आणायचं न्हवतं व्हय?”

शेजारच्या काकी, गावात रीतभात काय ते ज्यांना विचारतात त्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हळूच शोभापुढे पदर धरला. “हाड गे,” म्हणाल्या, “आमचें खाजें आमकां दी.” शोभाने वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक घराचं नाव घेत पुड्या बांधायला बसली.

आत्या गेल्यापासून मी रडलो नव्हतो. तेव्हा रडलो.