आवाज बंद करून पाहिलेली गाणी

लग्नाचं शूटिंग चालू असतं तेव्हा कॅमेरावाल्याच्या शेजारी एक माणूस हॅलोजनचा दिवा उंच धरून उभा असतो आणि त्याच्या पायात वायर घोटाळत असते. तो माणूस म्हणजे मी. कॅमेरा माझ्या मुलीचा. ती सासरहून दोन वर्षांत परत आली आणि जुन्नरच्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागली. मालकाने नवा व्हिडिओ कॅमेरा घेतला तेव्हा जुना हिला भाड्याने दिला. दिवा धरायला कोणी मिळेना, म्हणून मी गेले. माझं शिक्षण चौथी. दिवा धरायला तेवढं पुरतं.

आम्हाला बोलावत ते हळदीला. हळदीत बायकांची लुगडी भिजतात, पदर सुटतात, तिथं परका बाप्या नको असतो. आमची हळद झाली की दुसऱ्या दिवशी लग्न काढायला नारायणगावचे नाहीतर मंचरचे शूटिंगवाले येत. आम्ही त्याच मांडवात जेवून घरी. लोक आम्हाला हळदीवाल्या मायलेकी म्हणत. मुलीला ते लागायचं. तिला अख्खं लग्न हवं होतं. मलाही तेच हवं होतं, कारण नुसत्या हळदीवर तिचं पोट भरणार नव्हतं आणि मी काही तिला जन्मभर पुरणार नव्हते.

नव्वदच्या पुढं कधीतरी आमच्या आळीत केबल आली. तिच्यावर परदेशी गाण्यांचा एक चॅनल होता. लांब केसांचे पुरुष गिटार घेऊन ओरडत. मुलगी ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची आणि दुपारी काम नसलं की बघत बसायची. चार दिवसांत शेजारून माझा दीर आला.

"वहिनी, हे डबडं बंद करा. म्हशी पान्हा चोरायला लागल्या."

"म्हशी तुमच्याच हातानं चोरत असत्याल," मी म्हटलं, पण आवाज बंद केला. त्यानंतर आम्ही ती सगळी गाणी आवाजाशिवाय बघितली. शब्द इंग्रजी, ते मला कळणार नव्हतेच. राहिलं चित्र.

मी आधी लाईट कुठं आहे ते शोधायची. दुसरं मला येत नव्हतं. एका गाण्यात चारजण मोकळ्या शेडमध्ये वाजवत होते आणि दिवा त्यांच्या पाठीमागं होता. तोंडं काळी, केसांची कड तेवढी पेटलेली. आम्ही हळदीत नवरी अशी काढली असती तर लोकांनी कॅसेट अंगणात फेकली असती. पण त्यांना तोंड दाखवायचंच नव्हतं, आकार दाखवायचा होता, आणि आकार मागच्या दिव्यानंच उठतो. शेडमध्ये धूर सोडला होता. चूल पेटली की कौलातली तिरीप दांड्यासारखी दिसते, तसा उजेडाचा दांडा दिसावा म्हणून. धूर नसता तर तो दिवा कोणाला दिसला नसता.

मग चित्र किती वेळ टिकतं ते मी मोजायला लागले. एक म्हणेपर्यंत गिटारीवरची बोटं, दोन म्हणेपर्यंत ढोलवाल्याचा घाम, तीनला बूट. एका जागी डोळा ठरू देत नव्हते. कॅमेरा तिरपा धरायचा, हलता धरायचा. आमच्याकडं कॅमेरा हलला तर हात कापतो का म्हणून विचारतात.

एका गाण्यात गाणाऱ्यापुढं हजारभर माणसं नाचत होती. माझ्या वडिलांची मेंढरं होती. संध्याकाळी ती जाळीच्या कुंपणात घेताना फटीशी बसून जोडीजोडीनं मोजायचं काम लहानपणी माझ्याकडं असायचं. सगळी मेंढरं सारखी दिसतात असं म्हणणाऱ्यांनी ती कधी मोजलेली नसतात. मी मुलीला कॅसेट मागं घ्यायला लावली.

"तो टकल्या बघ, मनगटाला पट्टा. आता परत आला. हा बघ, परत."

गर्दी चाळीस-पन्नास माणसांचीच होती. कॅमेरा खाली ठेवून पुढं हात आणि डोकी घेतली होती, मागं धूर. मुलगी म्हणाली, "आये, मी हे धा वेळा पाह्यलं, मला न्हाई दिसलं."

"तू मनात गाणं म्हणत बसती," मी म्हटलं.

काही गोष्टी तिनं मला सांगितल्या. एका गाण्यात गाणाऱ्याचे केस पाण्यातल्या शेवाळासारखे सावकाश हलत होते आणि ओठ मात्र रोजच्यासारखे हलत होते. हे कसं, ते मला उमगेना. ती म्हणाली, गाणं दुप्पट जोरात वाजवतात, तो बिचारा तेवढ्याच घाईनं तोंड हलवतो, मग चित्र सावकाश करतात. ओठ जागेवर येतात, केस मागं राहतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते स्वतः उलगडलं होतं. हिला हळदीत अडकवून ठेवणं बरं नाही, हे मला तेव्हा पक्कं कळलं.

आणखी एक गिटारवाला माझ्या ध्यानात राहिला. गाणंभर त्याची मान खाली, केस तोंडावर. शेवटाकडं एका जागी सगळं थांबतं. तो मान वर करतो आणि कॅमेऱ्यात बघत राहतो. मी मोजलं, अकरा. बाकीचं कुठलंच चित्र तीनच्या पुढं गेलं नव्हतं.

पुढच्या हंगामात निमगाव साव्याच्या एका मुलीनं मैत्रिणीच्या हळदीची आमची कॅसेट पाहिली आणि हट्ट धरला, माझं अख्खं लग्न त्या दोघीच काढणार. तिचे वडील बोलणी करायला आले.

"मावशी, बाईमाणूस बाप्यांच्या गर्दीत घुसंल का?"

"तुमची म्हैस घुसती का न्हाई बाजारात?" मी म्हटलं. "हिला तर कॅमेरा बी हाय."

ते हसले आणि सुपारी दिली.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरायच्या जागी लाईट कसा पडतो ते बघायचं होतं. तिथं नवरीचा मामा उभा होता, आंबेगावकडचा बागायतदार, नवा फेटा. मी म्हटलं, "मामा, जरा हितं उभं ऱ्हावा." तो राहिला. मग लग्न लागलं, पुढं पंगती बसल्या. मुलीला पंगती काढायच्या नव्हत्या. मी दिवा घेऊन एकेका ओळीतून चालत गेले आणि तिला मागं यावं लागलं. दिव्याशिवाय कॅमेऱ्यात काळोख येतो.

कॅसेट तिनं नारायणगावला एकाच्या मिक्सिंगवर बसून तयार केली. मला दाखवली नाही. आठ दिवसांनी निमगाव साव्याला अंगणात टीव्ही मांडला, चाळीसेक माणसं बसली. मामा मुद्दाम बायकोला घेऊन आला होता.

नवरीचे पैंजण. आचाऱ्यांच्या काळ्या सावल्या आणि चुलाण्याचा धूर. डोळा. मुंडावळ्यांचे मणी. घोड्याचा खूर. सगळं दोन-दोन मोजेपर्यंत. मग भाचीच्या खांद्यावर मामाचा हात, जाड बोटं, नखांत माती, बाजूनं उजेड. चित्र चांगलंच होतं, मी दिवा धरला म्हणून सांगत नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं पण माणसं कुठायत? लगीन व्हतं का मयत?"

कॅसेट संपली. मामानं विचारलं, "मी न्हवतो का लग्नाला?"

"हात व्हता की मामा तुमचा," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

"मंग हातच धाडला असता," मामा म्हणाला. "बाकीचा कशाला आलो?" त्यानं चपला घातल्या, बायकोला हाक मारली आणि चहा न घेता निघून गेला.

मामा रुसला म्हणजे नवरीचं माहेर अर्धं तुटलं. नवरीचे वडील माझ्याकडं वळले. "मावशी, तुमच्या लेकीनं माझ्या घरात रुसवा घातला. सगळ्या मूळ कॅसेटी द्या. नारायणगावच्या पोरांकडून नीट करून घेतो."

त्या दिल्या असत्या तर तालुक्यात सगळीकडं झालं असतं की बाईनं लग्न बिघडवलं आणि बाप्यांनी निस्तरलं. पुन्हा हळदच. मी आठ दिवस मागितले, त्यांनी चार दिले.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "मी तो हात काढणार न्हाई. चांगलं काय ते ह्यांना कळतच न्हाई."

"हात ऱ्हाऊ दे. तुला कुठं कळतंय सगळं?" मी तिची गाण्यांची कॅसेट लावली आणि त्या गिटारवाल्यापाशी थांबवली. "ह्यो गाणंभर तोंड लपवतो. मान वर केली, आता मोज."

तिनं अकरा मोजले.

"लोक तोंड बघायला बसल्यात हे त्याला ठावं हाय. तू त्याची घाई उचलली, थांबनं न्हाई उचललं. मामाचं अकरा मोजंपतूर तोंड दे. मंग हात दाखव न्हाईतर पायाचा अंगठा दाखव."

तिनं कॅसेट बंद केली. मग म्हणाली, "मामाचं तोंड माझ्याकडं न्हाईच. अंतरपाट पडला तवा मी नवरीच्या डोळ्यावर व्हते."

हे मला सुचलं नव्हतं. दुसरा दिवस सगळ्या मूळ कॅसेटी बघण्यात गेला. मामा सगळीकडं पाठमोरा, नाहीतर कोणाच्या तरी फेट्यामागं. दुपारी मुलगी एकदम ओरडली. लाईट बघायला मी त्याला उभा केला होता तेव्हा हिचा कॅमेरा चालू होता. मामाला वाटलं फोटो काढतायत. त्यानं फेटा सारखा केला, छाती काढली, मान ताठ केली आणि तसाच उभा राहिला. मग कंटाळला आणि भाची जिथून येणार त्या दाराकडं बघायला लागला. मागून माझा आवाज आहे, "झालं मामा."

पंगतीतल्या तोंडांचं मुलीनंच सुचवलं. प्रत्येकाला दोन-दोन मोजेपर्यंत, गाण्यासारखं एकामागं एक. दोन व्हीसीआरवर असलं काम म्हणजे प्रत्येक तोंडासाठी कॅसेट मागं घ्यायची, जागा धरायची, बटण दाबायचं. मिक्सिंगवाला वैतागला. "मावशी, बोट झिजलं माझं. हे लगीन हाय का मतदारयादी?"

"मतदारयादीच समज," मी म्हटलं. "एक गळालं तर भांडान." मी शेजारी बसून मोजत होते. एकदा आलेलं तोंड परत आलं की सांगायची. पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा दोन पंगतींना जेवला होता, तो दुसऱ्यांदा आला तसा मी धरला.

चौथ्या दिवशी नवरीच्या वडिलांनी कॅसेट पाहिली, जीप काढली आणि आम्हाला घेऊन आंबेगावकडं मामाच्या घरी गेले. मामा टीव्हीकडं अर्धी पाठ करून बसला. पैंजण, धूर, खूर. मग हात आला. मामानं माझ्याकडं बघितलं. मी टीव्हीकडं बघत राहिले. अंतरपाट पडला, अक्षता उडाल्या, भराभरा चित्रं गेली आणि थांबली. ताठ मान, नवा फेटा. मग ती दाराकडची नजर. मी मनात मोजत होते, अकरा भरले.

"फेटा वाकडा व्हता तुमचा," त्याची बायको म्हणाली.

"गप," मामा म्हणाला. तोवर तो वळून सरळ बसला होता.

मग तोंडं सुरू झाली आणि घरातली लहानथोर सगळी ओरडायला लागली. "थांबवा, आत्त्या गेली! मागं घ्या!" तिथली मुलं दर दोन तोंडांना बटण दाबत होती. ती कॅसेट त्या जागी पुढं इतकी झिजली म्हणतात की नुसत्या रेघा दिसतात. आम्हाला चहा मिळाला. नारायणगावच्या पोरांचा विषय निघाला नाही.

पण त्या वर्षी दुसरं लग्न आलं नाही. हळदी आल्या. मुलगी गाण्यांच्या कॅसेटी बघायची बंद झाली होती.

पुढच्या साली उन्हाळ्याच्या आधी मामा जुन्नरला आमच्या दारात आला. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"हळद कदी?" मी सवयीनं विचारलं.

"हळद बी आन लगीन बी. सगळं तुमीच. तोंडं समदी पायजेत, एक सुटता कामा न्हाई."

"न्हाई सुटनार."

त्यानं चहा घेतला, सुपारी दिली, उठला. पायरी उतरून चपला घालता घालता माझ्या मुलीकडं वळला. "आन तो हात. पोरीच्या खांद्यावरचा. तो पयला घ्या. औंदा नखं साफ करून येतो."

"नखं तशीच ऱ्हाऊ द्या, मामा," मुलगी म्हणाली.