मागाशेजारचं रेकॉर्डिंग

सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लूम खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, शेठनं जुने माग काढून कॉम्प्युटरवर चालणारे बसवायचं ठरवलं. जुन्या कामगारांतला एकच राहणार, नव्यांना शिकवायला. बाकीच्यांना रामराम. मी सगळ्यांत जुना, म्हणून राहण्यात पहिला नंबर माझा. अट एवढीच, की जे येतं ते सांगता आलं पाहिजे. ऑफिसातली कॉम्प्युटरवाली मॅडम म्हणाली, "काका, अब नॉलेज का जमाना है." म्हटलं, मग इतकी वर्षं आम्ही काय गवत उपटत होतो?

काम करता करताच बोला, म्हणाली. मोबाइल मागाजवळ ठेवला, आवाज रेकॉर्ड करायचं बटण दाबलं आणि कानात बोटं घालून पळाली. मी चांगला पाऊण तास सांगितलं. ताणा किती ओढायचा, धागा तुटायच्या आधी माग कसा कुरकुरतो, सगळं. इतकं मन लावून मी सोयरिकीच्या बैठकीतही बोललो नसेन.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणते, "काका, इसमें तो सिर्फ खटखट है."

कपाळच बडवून घेतलं. अहो, माग चालू असताना खात्यात कुणी आवाज काढून बोलतच नाही. ऐकू काय येणार, डोंबल? आम्ही नुसते ओठ हलवतो, हातानं खुणा करतो, समोरच्याला सगळं कळतं. त्या मोबाइलसमोर मी इमानेइतबारे तेच केलं होतं!

घरी बायको भडकली. "घरमा त इतला वरडतस, अन् तठे तोंडले कुलूप लागनं व्हतं का?"

आठवड्यानं मॅडमनं एसी ऑफिसात पुन्हा बसवलं. तोवर माग भंगारात गेले होते.

"धागा टूटने वाला है, कैसे पता चलता है?"

"आवाजावरून."

"कैसी आवाज?"

तोंड उघडलं. त्या थंडगार खोलीत मला तो आवाज काही केल्या आठवेना. "बदलतो," म्हटलं. "माग चालू करा, लगेच सांगतो."

"काका, लूम तो गई."

संताप आला. शेठचा, तिचा आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा. पोरगी वाईट नव्हती, बराच वेळ थांबली. मग स्क्रीन माझ्याकडे फिरवली. एकच ओळ होती: 'धागा टूटने से पहले आवाज बदलती है.'

"बस, इतना ही?"

"हो," म्हटलं, "एवढंच."