सूपभर कोंड्याची लेक

माझ्याआधी आईची तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथी मी. बाराव्या दिवशी मला सुपात घातलं आणि समोरच्या बांगडीवालीला विकलं. तिने सूपभर कोंडा देऊन मला विकत घेतलं. मूल माझ्या आईचं नाहीच, असं पोरं नेणाऱ्या सटवाईला वाटावं म्हणून हा सौदा. राहायचं-जेवायचं आमच्याच घरी, पण लेक मी बांगडीवालीची. बारा वर्षं तिलाच 'आई' म्हणायचं आणि जिने जन्म दिला तिला 'काकू', चुकूनही उलट नाही.

आम्ही नाशिकचे तांबट. दिवसभर आळीत हातोड्यांचा आवाज. त्यातूनही माझी 'काकू'ची हाक तिला बरोबर ऐकू जायची. बांगडीवाली मुसलमान. शाळेत मुली विचारायच्या, "तुझी आई मुसलमान आणि काकू तांबटीण, असं कसं गं?" मी सांगायची, "मला विकलंय." त्यात लाजण्यासारखं काही आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी नऊ वर्षांची असेन. बुधवारच्या बाजाराला बांगडीवाली गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, घाटावर टोपली मांडून बसली होती. पलीकडे काकू धुणं धूत होती. खेळता खेळता शेवाळावरून माझा पाय घसरला आणि मी गळाभर पाण्यात गेले. काकू चार हातांवर होती. तिच्याकडे बघून मी ओरडले, "आई!"

काकूने दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं आणि ती जागची हललीच नाही. बांगडीवाली मात्र टोपली ढकलून धावली. बांगड्या खळाखळा पायऱ्यांवरून गेल्या. तिने वेणीला धरून मला बाहेर ओढलं.

मग काकू आली. आधी थोबाडीत मारली, मग घट्ट धरलं. म्हणाली, "कुणाला हाक मारलीस? सांग, कुणाला?"

मला रडू आवरेना. बांगडीवालीच म्हणाली, "मला मारली हाक. मी ऐकली, मी आले. झालं की! पोरगी भिजलीय, घरी ने तिला."

काकू खाली बसून फुटक्या बांगड्या वेचू लागली. बोटं कापली तरी थांबेना. शेवटी बांगडीवालीने तिचा हात धरला, तेव्हा ती तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. या दोघी एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत, हे मला तेव्हाच कळलं.

बारावं सरलं तेव्हा सूपभर कोंडा, लुगडं आणि नारळ देऊन मला परत घेतलं. बांगडीवालीने माझे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले. "जा बेटी, आता तिला आई म्हण."

काकू समोर उभी होती, पदराशी चाळा करत. मी तोंड उघडलं आणि शब्द आला, "काकू." सगळे हसले. तीही हसली.

नंतर कितीतरी दिवस मी माळ्यावर एकटी बसून 'आई, आई' म्हणून बघायची. एकदा धीर करून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "आई."

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ती घरी नाही गं. बाजाराला गेलीय."