उपरण्याखाली ठरलेला निवडणूक अधिकारी

खामगावच्या आमच्या व्यापारी संघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मी पडलो, ते मला अजून पचलेलं नाही. मतं बंद खोलीत मोजली, आणि मोजणारा निवडणूक अधिकारी अध्यक्षांचा सख्खा साडू. संघाच्या घटनेप्रमाणे अधिकारी तिघांनी नेमायचा: स्वतः अध्यक्ष, अध्यक्षांनी निवडलेला एक आणि सभासदांचा एक. तो सभासदांचा एक मी होतो. मला चहा पाजला आणि साडू नेमला.

पुढची निवडणूक आली तेव्हा दिल्लीतही हाच वाद पेटलेला. निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीत पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेत्याबरोबर सरन्यायाधीश असावेत, असं कोर्टानं म्हटलं होतं. मग नव्या कायद्यानं त्यांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला मंत्री आला, आणि लोक पुन्हा कोर्टात गेले. पेपरात हे वाचून मी दुकानात उभ्याउभ्या टाळ्या पिटल्या. माझंच दुखणं, फक्त देशाएवढं! तोच पेपर मी सभेत टेबलावर असा आपटला की अध्यक्षांचा चष्मा उडाला.

"काऊन कोकलून राह्यला बे?" अध्यक्ष म्हणाले. आम्ही एका वर्गातले.

"दोघं तुह्याकडचे अन् मी एकटा. मंग मले बोलावतं कायले? चहा प्याले?"

सभा आधी हसली, मग माझ्या बाजूनं ओरडू लागली. अध्यक्ष वरमले. "बरं, आपण दोघंच ठरवू. उपरण्याखाली."

गुरांच्या बाजारात असाच सौदा होतो. उपरण्याखाली हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. दोघांची खूण जुळली की सौदा पक्का. मग मागे फिरणाऱ्याला कोणी दारात उभं करत नाही. मी त्याच बाजारात दलाली करून वर आलो, मला कोण हरवणार?

खुणा ठरल्या. एक बोट साडू. दोन बोटं निवृत्त पोस्टमास्तर. मला तेच हवे होते. चार बोटं आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांनी आम्हा दोघांचे कान पिळले होते. सौद्यात पहिला आकडा कधी खरा नसतो. बाईंच्या नावानं त्याला घाबरवायचं आणि पोस्टमास्तरांवर आणायचं, हा माझा डाव.

आमच्या हातांवर उपरणं पडलं. मी चार बोटं दाबली. समोरूनही चारच आली! तोही मला घाबरवून साडूवर आणायला निघाला होता.

"मेलो बे," तो पुटपुटला. कोणीतरी उपरणं ओढलं आणि सभेत शिट्ट्याच शिट्ट्या.

बाईंनी मतमोजणी भर पटांगणात घेतली. बैलगाडीवर उभ्या राहून प्रत्येक चिठ्ठी सगळ्यांना दाखवली. साडू मदतीला पुढे आला, तर "खाली बस" म्हणाल्या, आणि तो मातीत बसला. मी हरलो. फेरमोजणी मागितली. "माग, तुझा हक्क आहे," म्हणाल्या. पुन्हा हरलो, आणि मला हसूच आवरेना. आपण कसे हरतो, ते पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसलं होतं! बंद खोलीतल्या त्या निकालाचं खरं-खोटं मात्र मला अजून माहीत नाही, आणि साडूला मी सोडलेलं नाही.

हार घातलेला अध्यक्ष जवळ आला. "पुढच्या टायमाले तिघांची समितीच बरी बे. या बाईनं तं मले दमच नाही घेऊ देला."

मी त्याच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि त्याखाली माझा हात पुढे केला. "दे हात. आत्ताच चार बोटं देतो."

त्यानं दोन्ही हात पाठीमागे लपवले.